‘वरच्या जबड्यात हाड नाही’ म्हणजे नेमकं किती नाही?

कळव्याहून आलेल्या काकूंनी पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. दुसऱ्या एका दवाखान्यातली चिठ्ठी होती. त्यावर एकच ओळ: वरच्या जबड्यात हाड नाही, इम्प्लांट शक्य नाही. इम्प्लांट म्हणजे हाडात रोवायचा टायटेनियमचा स्क्रू, ज्यावर कृत्रिम दात बसतात. चार महिने त्या ती चिठ्ठी जवळ बाळगून होत्या. वय ६४, वर पूर्ण कवळी, तीही ११ वर्षांची, खालचे दात बहुतेक स्वतःचे. सोबत आलेला मुलगा म्हणाला, ‘‘डॉक्टर, आई आता भाकरी दुधात कुस्करूनच खाते. आणि कुणी हसवलं की आधी हात तोंडावर जातो.’’

मी ठाण्यात नौपाड्यात दवाखाना चालवते. कृत्रिम दात बसवणं ही माझी शाखा, म्हणजे प्रोस्थोडॉन्टिक्स. ‘हाड नाही’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते आणि दर वेळी मला ते अर्धवट वाटतं. किती नाही? कुठे नाही? जे आहे ते कसं आहे? आणि मुळात दात कुठे हवे आहेत? या चार प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत ‘शक्य नाही’ म्हणायचा अधिकार कुणाला नाही, आणि ‘तीन दिवसांत फिक्स दात’ म्हणायचाही नाही.

हाड जातं कुठे?

जबड्याचा मूळ पाया आणि दातांच्या मुळांभोवतीचं हाड यांचा स्वभाव वेगळा असतो. पाया आयुष्यभर टिकतो. मुळांभोवतीचा हाडाचा कठडा मात्र दातांबरोबर येतो आणि दात गेले की ओसरू लागतो. आपण चावतो तेव्हा मुळाला धरून ठेवणारे बारीक तंतू हाडाला ताण देतात. हा ताण मिळतो तोवर शरीर ते हाड राखतं. ताण संपला की राखण्याचं कारणही संपतं.

दात काढल्यावर सगळ्यात मोठी झीज पहिल्या काही महिन्यांतच होते. वर्षभरात कठड्याची रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते. त्यातही ओठाकडची भिंत आधी जाते, कारण ती मुळातच फार पातळ. पुढच्या दातांवर बहुतेकांची ही भिंत १ मिलिमीटरसुद्धा जाड नसते. म्हणून वरचा जबडा झिजतो तो वर आणि आत, टाळूच्या दिशेने. खालचा मात्र झिजत झिजत खाली आणि बाहेर जातो. दोन्हींचा मेळ सुटतो, वरचा ओठ आत ओढला जातो आणि हनुवटी पुढे आल्यासारखी दिसते. आपल्या आजी-पणजींचा जो चेहरा आपण ‘म्हातारपणाचा’ समजत होतो, त्यातला बराचसा भाग या हाडाचा होता.

पायोरियाने सैल होऊन दात पडले असतील तर झीज दात असतानाच सुरू झालेली असते. खाली फक्त पुढचे दात उरलेत आणि वर पूर्ण कवळी आहे, अशा माणसांत ते खालचे दात कवळीच्या पुढच्या भागावर वर्षानुवर्षं मारा करतात, आणि वरचं पुढचं हाड जास्त झपाट्याने जातं. काकूंच्या खालच्या दाढा शाबूत होत्या, त्यामुळे त्या यातून वाचल्या. हे महत्त्वाचं होतं, पुढे कळेलच.

वरच्या जबड्याची आणखी एक अडचण आहे, जी खालच्याला नाही. वरच्या दाढांच्या डोक्यावर, गालाच्या आत, डोळ्याखाली हवेने भरलेली पोकळी असते, सायनस. मोठ्या माणसात त्यात साधारण १२ ते १५ मिलिलिटर हवा मावते, म्हणजे एक मोठा चमचाभर. दाढ गेली की हळूहळू या पोकळीचा तळ खाली उतरू लागतो. घराचा स्लॅब डोळ्यांसमोर आणा. खालून प्लास्टर सुटतंय आणि वरून कुणीतरी फरशी काढून स्लॅब खरवडतंय. दोन्ही बाजूंनी खाल्ला गेलेला स्लॅब काही वर्षांनी दोन-तीन मिलिमीटरचाच उरतो. काकूंच्या उजव्या दाढांच्या जागी ३ मिलिमीटर हाड होतं, डाव्या बाजूला २. साधं इम्प्लांट ८ ते १३ मिलिमीटर लांब असतं. त्या चिठ्ठीत ‘हाड नाही’ लिहिणाऱ्याने बहुधा हीच जागा पाहिली होती.

पावासारखं हाड

उरलेलं हाड किती, याइतकंच ते कसं आहे हेही महत्त्वाचं. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात ड्रिल चालवताना हाताला सागाच्या फळीसारखा विरोध लागतो. वरच्या जबड्याच्या मागच्या भागात तेच ड्रिल लादीपावात बोट घालावं तसं आत जातं: वर पातळसा कडक थर, आत सगळी जाळी. अशा हाडात स्क्रू घट्ट बसवायचा तर भोक मुद्दाम बारीक पाडतात आणि इम्प्लांटला ते हाड बाजूला दाबत आत जाऊ देतात.

इम्प्लांट टिकतं ते चिकटवल्यामुळे टिकत नाही. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२च्या सुमारास सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटेनियमची नळी नंतर निघेचना, हाड तिला थेट बिलगून वाढलं होतं. १९६५मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटेनियमचे इम्प्लांट बसवले. त्यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्यात ३ महिने आणि वरच्या जबड्यात ६ महिने थांबून मग दात चढवायचे. आज इम्प्लांटचे पृष्ठभाग सुधारलेत, थांबण्याचा काळ कमी झालाय, पण वरच्या जबड्याला जास्त वेळ द्यावा लागतो हे बदललेलं नाही, कारण पाव अजून पावच आहे.

आधी दात, मग हाड

माझं ठाम मत सांगते. वरच्या जबड्याचं नियोजन हाडापासून सुरू केलं की ते बिघडतं. हाड आत सरकलेलं असतं आणि दात मात्र पूर्वीच्याच जागी, ओठाच्या मागे, हवे असतात. फक्त ‘हाड जिथे आहे तिथे स्क्रू’ असा हिशेब केला तर पुढे काय होतं ते मी ऐरोलीच्या एका गृहस्थांच्या तोंडात पाहिलं. बाहेर कुठेतरी त्यांना वर सहा इम्प्लांट बसवले होते. सहाही हाडात पक्के, एक्स-रे बघून कुणीही शाबासकी दिली असती. पण दोन स्क्रूंची तोंडं थेट टाळूत उघडत होती, त्यामुळे पुलाचा, म्हणजे इम्प्लांटवर पक्क्या बसवलेल्या दातांच्या सलग कमानीचा, मागचा भाग इतका जाड करावा लागला होता की त्यांना ‘त’ आणि ‘द’ नीट म्हणता येत नव्हते. ते शिक्षक होते. वर्गात बोलायला त्यांना लाज वाटायची. हाडात पक्के बसलेले इम्प्लांट काढणं हे नव्याने बसवण्यापेक्षा कठीण काम आहे. शेवटी त्यातले दोन आम्ही हिरडीखाली झाकून तसेच ठेवून दिले, वापरलेच नाहीत.

म्हणून काकूंच्या पहिल्या तीन भेटींत मी सुई-ड्रिलला हातही लावला नाही. माप घेतलं, मेणात दात रचले आणि ते त्यांच्या तोंडात बसवून बघितले. मेणाच्या कवळीला पुढे गुलाबी कडा असते, हिरडीच्या जागी भरलेली. ती कडा ओठाला आतून आधार देते. मी काकूंना आरसा दिला, मग कवळी काढून पुढची गुलाबी कडा सुरीने पूर्ण कापली, फक्त दात ठेवले आणि परत बसवली. वरचा ओठ थोडा आत गेला, नाकाखालची रेघ जरा खोल झाली. काकू आरशात डोकं तिरपं करून बघत राहिल्या. ‘‘एवढंच ना? चालेल मला,’’ म्हणाल्या.

या एका कापण्यावर पुढचं सगळं ठरतं. कडा काढल्यावर ओठ फारच कोसळत असेल तर त्या माणसाला ओठाच्या आधाराची गरज आहे आणि ती फिक्स पुलाने नीट भागत नाही. भागवायला गेलं तर पुढे फुगीर गुलाबी भिंत करावी लागते, जिच्याखाली अन्न अडकतं आणि ब्रश पोचत नाही. अशा वेळी चार इम्प्लांटवर टिच-बटणासारखी बसणारी, घरी काढून धुता येणारी कवळी जास्त चांगली, आणि टाळू मोकळा राहील अशीही ती करता येते. ‘फिक्स’ म्हणजे वरचा दर्जा आणि ‘काढता येणारी’ म्हणजे कमी प्रतीची, हा समज मला रोज खोडावा लागतो.

मग काकूंना मनापासून हसायला लावलं. खोटं हसू उपयोगाचं नाही, ओठ पूर्ण वर जायला हवा. मुलाने मोबाईलवर नातवाचा व्हिडिओ लावला आणि काम झालं. हसताना ओठ किती वर जातो ते नोंदवून ठेवायचं. फिक्स पुलात गुलाबी भाग आणि खरी हिरडी जिथे मिळतात तो सांधा ओठाच्या मागे लपायला हवा. तो दिसला तर जगातला कुठलाही रंग तो जुळवून देत नाही. शिवाय दातांच्या टोकापासून हाडापर्यंत साधारण १२ ते १५ मिलिमीटर उभी जागा लागते, नाहीतर पूल पातळ होतो आणि मोडतो. हाड फार झिजलेल्यांना ही जागा आपोआप मिळते. कमी झिजलेल्यांना ती करून घ्यावी लागते.

स्कॅनमध्ये काय बघायचं

आता हाड. ओपीजी, म्हणजे सगळे दात एका पट्टीत दाखवणारा एक्स-रे, सपाट असतो. त्यात उंचीचा अंदाज येतो, रुंदी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी स्कॅन लागतो. यंत्र डोक्याभोवती एकदा फिरतं आणि जबड्याचे पातळ काप स्क्रीनवर येतात, पावाच्या स्लाइससारखे. किरणोत्सर्ग ओपीजीपेक्षा जास्त पण दवाखान्यातल्या नेहमीच्या सीटीपेक्षा सहसा कमी. स्कॅन घेताना रुग्णाच्या तोंडात ते ठरवलेले दात हवेत, स्कॅनमध्ये उमटतील अशा खुणा घालून. तरच एका चित्रात दात आणि हाड दोन्ही दिसतात आणि मधलं अंतर मोजता येतं. दातांशिवाय घेतलेला स्कॅन म्हणजे प्लॉटचा नकाशा आहे पण घर कुठे बांधायचं ते ठरलेलं नाही, असा प्रकार.

वरच्या जबड्याचे आम्ही मनात तीन भाग करतो: पुढचे दात सुळ्यांपर्यंत, त्यामागच्या लहान दाढा, आणि मोठ्या दाढा. तिन्ही भागांत हाड असेल तर सरळ साधे इम्प्लांट. मोठ्या दाढांकडे नाही पण लहान दाढांपर्यंत आहे, तर मागचे दोन इम्प्लांट तिरपे घालता येतात. फक्त पुढे आहे, तर मागे दुसरी वाट शोधावी लागते. कुठेच नाही, तर फार वेगळी शस्त्रक्रिया. ही विभागणी अगदी ढोबळ आहे, पण पहिल्या पाच मिनिटांत दिशा सांगते.

सायनसही बघायचा असतो. निरोगी सायनस स्कॅनमध्ये काळा दिसतो, हवा भरलेली. त्याचं अस्तर एक मिलिमीटरहून पातळ, जेमतेम दिसणारं. ते जाडजूड करडं दिसत असेल, पोकळीत पाणी साचलेलं असेल किंवा नाकात उघडणारं तिचं तोंड बंद असेल, तर आधी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे. तुंबलेल्या सायनसखाली काम करणं म्हणजे जंतूंच्या डबक्याशेजारी जखम करणं.

काकूंच्या पुढच्या भागात १४ मिलिमीटर उंच हाड होतं. मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, ‘‘मग ‘नाही’ का लिहिलं होतं?’’ कारण हिरडीच्या कडेला त्याची रुंदी फक्त ४ मिलिमीटर होती, सुरीच्या धारेसारखी. तिथे ३.५ मिलिमीटरचं इम्प्लांट घातलं तर दोन्ही बाजूंना भिंतच उरत नाही. पण त्याच कापात ३ मिलिमीटर वर सरकलं की रुंदी ७ होत होती. ज्यांच्याकडे हाड कमी आहे त्यांचंच ३ मिलिमीटर हाड घासून काढायचं, हे ऐकायला उलटं वाटतं. पण ती धार काढली की तिच्या मागचा रुंद पाया मिळतो, ११ मिलिमीटर उंची उरते, पुलाला उभी जागा मिळते आणि सांधा ओठामागे लपतो. एका कापण्यात चार कामं. हे करायची हिंमत आधी ठरवलेल्या दातांमुळेच येते.

वाटा कोणकोणत्या

सायनसच्या खाली हाड कमी असेल तर सायनसचा तळ उचलून खाली हाड तयार करता येतं, याला सायनस लिफ्ट म्हणतात. ५ ते ८ मिलिमीटर हाड शिल्लक असेल तर बहुधा इम्प्लांटच्याच भोकातून तळ हलकेच वर ढकलतात. ही पद्धत १९९४पासून प्रचलित झाली. त्याहून कमी असेल तर गालाच्या बाजूने हाडात छोटी खिडकी पाडून अस्तर सोडवतात आणि त्याखाली हाडाची भुकटी भरतात. ही १९८०मध्ये प्रसिद्ध झालेली जुनी, भरवशाची पद्धत.

हे अस्तर किती नाजूक असतं ते कळावं म्हणून शिकताना आम्हाला कच्चं अंडं देतात. ड्रिलचं बारीक टोक फिरवून कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची, आतला पांढरा पापुद्रा न फाटता कवच उचलायचं आणि पापुद्रा आत ढकलायचा. मी शिकत असताना घरच्या ओट्यावर डझनभर अंडी घेऊन बसले होते. सातव्या अंड्याला पहिल्यांदा पापुद्रा शाबूत राहिला. खऱ्या शस्त्रक्रियेतही अस्तर फाटणं ही सगळ्यात नेहमीची गुंतागुंत आहे. लहान फाट कोलॅजनच्या पडद्याने झाकता येते. मोठी असेल तर शहाण्या डॉक्टरने हिरडी शिवून काही महिन्यांनी परत यायचं. अशी वेळ आली तर चिडू नका, तो निर्णय तुमच्या भल्याचा असतो. नंतर दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, विमानप्रवास डॉक्टरांना विचारून. भुकटीचं हाड पिकायला सहा ते नऊ महिने लागतात.

आता ही भुकटी कशाची, हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं आणि फार कमी विचारलं जातं. ती तुमच्याच हनुवटीच्या किंवा जबड्याच्या मागच्या भागातून घेतलेली असू शकते, दुसऱ्या माणसाच्या प्रक्रिया केलेल्या हाडाची असू शकते, कृत्रिम असू शकते, आणि जगभर खूप वापरली जाणारी एक भुकटी गाईच्या हाडापासून बनते. कोलॅजनचा पडदा पुष्कळदा डुकराच्या ऊतींपासून केलेला असतो. वैद्यकीयदृष्ट्या ही उत्पादनं चांगली आहेत. पण ठाण्यात माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांमध्ये, हिंदू, जैन, मुस्लिम, यातल्या कुठल्या ना कुठल्या गोष्टीवर मनापासून आक्षेप असतो. शस्त्रक्रियेनंतर कळलं तर माणूस आतून तुटतो. म्हणून हे आधीच स्वच्छ विचारा आणि संमतीपत्रावर लिहून घ्या. कॅल्शियम फॉस्फेटच्या कृत्रिम भुकटीचा पर्याय असतो.

तिरप्या इम्प्लांटची वाट वेगळी. सायनसच्या पुढच्या भिंतीला समांतर, मागच्या बाजूला कललेलं लांब इम्प्लांट घातलं की सायनसला हात न लावता दाताची जागा मागे सरकवता येते. पुढे दोन सरळ, मागे दोन तिरपे आणि त्यावर पूर्ण कमान, ही ‘ऑल-ऑन-फोर’ पद्धत पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी रूढ केली. वरच्या जबड्यातले त्यांचे निष्कर्ष २००५मध्ये प्रसिद्ध झाले. काही ठिकाणी ६ मिलिमीटरचे आखूड इम्प्लांटही भागवून नेतात.

पुढे आहे आणि मागे काहीच नाही, किंवा कुठेच नाही, तेव्हा गालाच्या हाडात रोवायचे झायगोमॅटिक इम्प्लांट. हेही ब्रोनेमार्क यांच्याकडूनच आलेलं काम. लांबी ३० ते ५० मिलिमीटरच्या घरात, वाट सायनसमधून किंवा त्याच्या कडेने, टोक डोळ्याच्या खोबणीजवळ. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत जबडा गेलेल्यांना त्याने पुन्हा जेवता येतं, हे मी पाहिलंय. पण नंतर सायनसचा त्रास होऊ शकतो, आणि हे काम रोज करणाऱ्या तोंडाच्या शल्यविशारदाच्याच हातचं. सायनसच्या मागून टेरिगॉइड हाडात जाणारे इम्प्लांटही असतात, तिथेही अनुभव लागतो. साध्या मार्गाने भागत असेल तिथे मी ही वाट सुचवत नाही.

आणि एक वाट अशीही आहे की इम्प्लांट करूच नये. वरची कवळी खालच्यापेक्षा मुळातच चांगली धरते, कारण टाळूचा मोठा पृष्ठभाग तिला ओढून ठेवतो. काकूंची कवळी ११ वर्षांची होती, हाड झिजून तिच्याखाली पोकळी झाली होती. ज्यांची कवळी एवढी जुनी आहे त्यांनी आधी नवी, नीट बसणारी कवळी करून बघावी असं मी सांगतेच. कितीजणांचं तेवढ्यावर भागतं.

बाकीचं शरीर

काकूंचं एचबीएवनसी ८.६ निघालं. ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब देते, आदल्या दिवशी उपास करून तो लपवता येत नाही. आम्ही थांबलो. तीन महिन्यांनी ७.२ आलं तेव्हा तारीख धरली.

मिश्री लावता का, हा प्रश्न मी बायकांना मुलाला बाहेर पाठवून विचारते. ‘तंबाखू खाता का’ विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं, कारण मिश्रीला कुणी तंबाखू समजत नाही. ती तंबाखूच आहे. तंबाखूने रक्तपुरवठा आवळला जातो, ग्राफ्ट, म्हणजे भरलेली हाडाची भुकटी, पिकत नाही आणि इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता वाढते. गुटखा-सुपारीने तोंड आखडलेलं असेल तर ड्रिलच आत जात नाही, मग तिरपे इम्प्लांट कागदावरच राहतात.

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, विचारण्याची वाट बघू नका. त्यातल्या काही औषधांनी जबड्याचं हाड शस्त्रक्रियेनंतर भरून येत नाही, उघडं पडतं. कर्करोगासाठी ती औषधं शिरेतून मोठ्या मात्रेत दिली असतील तर धोका कितीतरी जास्त. खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात किंवा परळच्या टाटामध्ये तोंडाला रेडिएशन घेतलेलं असेल तर तिथल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दात काढणंसुद्धा नको. रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

शस्त्रक्रियेचा दिवस

योजनेत नेहमी दोन कागद असतात. पहिला: इम्प्लांट पुरेसे घट्ट बसले तर दोन-तीन दिवसांत तात्पुरता फिक्स पूल. दुसरा: नाही बसले तर थांबायचं. घट्टपणा यंत्र आकड्यात दाखवतं, न्यूटन-सेंटिमीटरमध्ये. ३५च्या आसपास गेला तरच लगेच दात चढवण्याचा विचार होतो. घोडबंदर रोडवरच्या फलकांवर लिहिलेले ‘तीन दिवस’ खोटे नसतात, पण ते पहिल्या कागदावरचे असतात, आणि त्या तात्पुरत्या दातांनी काही महिने मऊच खायचं असतं हे फलकावर मावत नाही.

काकूंसाठी चार इम्प्लांटची वाट धरली होती, पुढे दोन सरळ, मागे दोन तिरपे. त्यातले तीन ३५च्या वर गेले. डावीकडचं मागचं, तिरपं, २० वर थांबलं. लादीपाव. मी दुसरा कागद घेतला. जुन्या कवळीत आतून मऊ अस्तर भरलं, इम्प्लांटवर दाब येणार नाही अशा जागा पोखरल्या आणि चार महिने थांबलो. मुलाचा चेहरा उतरला होता, पण हा कागद त्याने दोन महिन्यांपूर्वी वाचून सही केलेला होता, त्यामुळे फसवल्यासारखं त्याला वाटलं नाही.

तुम्ही कुठेही गेलात तरी असे दोन्ही कागद मागा. स्कॅन, शस्त्रक्रिया, ग्राफ्ट, तात्पुरते दात, कायमचे दात आणि नंतरची देखभाल, यांचे खर्च वेगवेगळे लिहून मागा. इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर, ज्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो, ते आपल्या फायलीत चिकटवून घ्या. दहा वर्षांनी एखादा स्क्रू बदलायची वेळ आली तर त्याच्याशिवाय दुसरा डॉक्टर अंधारात चाचपडतो. खर्च झेपत नसेल तर नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथे दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत सरकारी दंत महाविद्यालय आणि नायरचं आहे. तिथे फेऱ्या जास्त होतात, रांग असते, पण एकाच छताखाली दात बसवणारे, हिरडीचे आणि शस्त्रक्रियेचे असे तिन्ही शाखांचे लोक तुमचा स्कॅन बघतात. वरच्या जबड्याच्या अवघड केसमध्ये हे फार मोलाचं आहे.

चार महिन्यांनी चारही इम्प्लांट हाडाने धरले. कायमचा पूल स्क्रूनेच बसवला, सिमेंटने चिकटवला नाही, म्हणजे लागेल तेव्हा उघडता येतो. काकूंना बेसिनपाशी उभं करून पाण्याचा फवारा मारणारं यंत्र आणि बाटलीच्या ब्रशसारखा छोटा ब्रश वापरायला शिकवलं. पहिल्या दिवशी सगळा आरसा भिजला. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण पायोरिया त्यालाही होतो आणि तो दुखत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी भेट आणि वर्षातून एक एक्स-रे, पहिल्याशी ताडून बघायला. काकूंची पुढची तारीख गणपतीनंतरची आहे. त्या दिवशी चार स्क्रू सोडवून, पूल काढून, खालची हिरडी बघायची आहे.